सोल होओपिईच्या सहा तारा

आमच्या सरांनी पहिल्या दिवशी गाणे शिकवले नाही, तारा लावायला शिकवले. १९७४ सालचा मे महिना होता. सोलापूरच्या साखर पेठेतल्या त्यांच्या माडीवर पत्रा तापलेला होता, आणि सर पेटीची एकेक पट्टी दाबून धरून माझ्याकडून गिटारीच्या सहा तारा मिळवून घेत होते. जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना क्रम असा होता (‘पांढरी तीन’ म्हणजे पेटीच्या सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी): पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी तीन, पांढरी सहा, काळी एक, पांढरी तीन. पांढरी सहाचा षड्ज धरला की तेच ‘प सा प सा ग प’ होते. त्या दिवशी घरी परतताना सायकलवर मी हेच पुटपुटत गेलो, आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे हवाईयन गिटारीच्या तारा याखेरीज दुसऱ्या कशा लावता येतील, हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नाही. तो प्रश्न ज्याच्या वादनाने निर्माण केला, त्या सोल होओपिई या वादकाविषयी आणि त्याच्या स्वरजुळणीविषयी आज लिहितो आहे.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तिच्या तारा पट्टीपासून बऱ्याच उंच उचललेल्या असतात, त्यामुळे पडदे हे केवळ खुणेपुरते उरतात आणि बोटाने तार दाबण्याचा प्रश्नच येत नाही. उजव्या हाताच्या अंगठ्यात एक आणि पुढच्या दोन बोटांत दोन नख्या घालून तारा छेडायच्या, आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. ‘कांडी’ हा शब्द आमच्या वर्गातलाच. इतर ठिकाणी तिला बार किंवा स्टील म्हणतात. पण आमच्यापैकी निम्म्या मुलांचे वडील गिरणीत किंवा मागावर कामाला होते, घराघरांत आया-आज्या कांड्या भरत असत, आणि सरांनी पहिल्यांदा ती गुळगुळीत, गोल वस्तू हातात दिली तेव्हा आम्हा सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द आला.

या कांडीमुळे एक गोष्ट घडते आणि सगळा विषय त्या गोष्टीवर उभा आहे. उभ्या धरलेल्या स्पॅनिश गिटारीवर डाव्या हाताची चार बोटे चार वेगवेगळ्या पडद्यांवर जाऊ शकतात, म्हणून वादक हवा तो स्वरमेळ, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, बोटांनी घडवतो. हवाईयन गिटारीवर सहा तारांवर एकच सरळ कांडी असते. ती तिसऱ्या पडद्यावर ठेवली की सहाही तारा तिसऱ्या पडद्यावर जातात, सातव्यावर ठेवली की सातव्यावर. म्हणजे मोकळ्या तारांत जो स्वरमेळ आहे तोच खालपासून वरपर्यंत सगळीकडे मिळणार. वादकाला काय सहज मिळावे आणि कशासाठी त्याने कष्ट करावेत, हे वाजवायला बसण्याआधीच, तारा लावताना ठरून गेलेले असते.

सरांच्या जुळणीत ठरून गेलेली गोष्ट होती मेजर स्वरमेळ. सा, ग आणि प यांच्याशिवाय तिच्यात दुसरे काही नव्हते. चित्रपटगीतांच्या सुरावटी वाजवण्यासाठी ती फार सोयीची होती, कारण षड्ज आणि पंचम कुठेही हाताशी असत आणि चुकीची तार छेडली गेली तरी ती कानाला बोचत नसे. मायनर, म्हणजे कोमल गंधाराचा स्वरमेळ, मात्र सरळ कांडीने मिळत नसे. सर सांगायचे की वरच्या, म्हणजे बारीक, दोन तारांवरची ‘ग-प’ ही जोडी घ्यावी आणि तिचा उरलेला स्वर साथीच्या पेटीवाल्यावर सोडावा. नाही तर कांडी तिरकी धरावी, म्हणजे एका तारेवर ती एक पडदा मागे आणि दुसरीवर एक पडदा पुढे येते. तिरकी कांडी बेसूर होण्याचा धोका मोठा असतो. खालच्या अंगाला पडद्यांतले अंतर जास्त आणि वरच्या अंगाला कमी, म्हणून प्रत्येक जागी तिरकेपणाचा कोन वेगळा. हात बसायला वर्षे लागतात. गड्ड्याच्या जत्रेत आणि गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर वाजवताना मी मायनरच्या जागा शक्यतो टाळत असे, हे मला इथे लिहायलाच हवे.

आमचे आदर्श म्हणजे व्हॅन शिपली, हजारा सिंग आणि पुढे सुनील गांगुली. रेडिओ सिलोनवर त्यांच्या गिटारीवरची चित्रपटगीते लागली की मी वही घेऊन बसत असे. हे वाद्य मुळात हवाई बेटांवरचे आहे एवढे नावावरून कळत होते. पण त्या बेटांवरचा एकही वादक आम्ही ऐकलेला नव्हता. सोलापुरात तेव्हा ते मिळणार तरी कुठून?

२०११ साली माझ्या मुलीने पुण्याहून येताना जुन्या हवाईयन ध्वनिमुद्रणांचा एक संच आणला. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही ऐकायला बसलो. तबकडीची खरखर, मागे साध्या गिटारीची आणि उकुलेलीची लय, आणि त्यावर एक पोलादी गिटार इतक्या वेगाने आणि इतक्या स्वच्छपणे बोलत होती की हे मांडीवर ठेवून वाजवले जात आहे यावर माझा विश्वास बसेना. आमची समजूत अशी होती की हवाईयन गिटार म्हणजे लांबवलेला, थरथरता, काहीसा रडवा स्वर. हा माणूस स्वर लांबवत नव्हता. तो एकेक स्वर सुटा, टोकदार छेडत होता आणि उजव्या तळहाताने लगेच मिटवत होता. मध्येच तो एखादी मींड घेई, आणि ती दुर्मीळ असल्यामुळे आतवर पोहोचे. काही जागी हार्मोनिक्सचे घंटेसारखे स्वर येत, आणि ते संपायच्या आत पुन्हा जॅझच्या अंगाने जाणारी, तालाच्या मात्रांना हुलकावणी देणारी तान सुरू होई. मुलीने नाव वाचून दाखवले: सोल होओपिई.

सॉलोमन होओपिई काआइआइ हे त्याचे पूर्ण नाव. जन्म १९०२ सालचा, होनोलुलूचा. वयाच्या सतराव्या वर्षी दोन मित्रांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या जहाजात तिकीट न काढता लपून तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पोहोचला. जहाजावर ते पकडले गेले आणि त्यांचे वादन ऐकून प्रवाशांनी वर्गणी काढून त्यांचे भाडे भरले, असे सांगतात. पुढे लॉस एंजेलिस हे त्याचे कर्मक्षेत्र झाले. ग्लेनवूड लेस्ली आणि लानी मॅकइन्टायर या दोन साथीदारांबरोबर त्याने तिघांचा संच बांधला, आणि १९२०च्या दशकात कोलंबिया या तबकडी कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणे ही त्याची पहिली मोठी ओळख ठरली. १९३८ साली, कीर्ती शिखरावर असताना, त्याने व्यावसायिक रंगमंच सोडला आणि ख्रिस्ती धर्मप्रचाराला वाहून घेतले. त्यानंतर तो प्रामुख्याने भक्तिगीते वाजवीत राहिला. १९५३ साली सिअ‍ॅटल येथे त्याचे निधन झाले. आयुष्य अवघे ५१ वर्षांचे.

त्याच्या वाद्यांविषयी मात्र थोडे थांबून बोलायला हवे, कारण ध्वनिवर्धक नसलेल्या काळात हे वाद्य फार हळू आवाजाचे होते. लॉस एंजेलिसमध्ये जॉन डोपेरा आणि जॉर्ज बोशां यांनी यावर उपाय काढला. लाकडाऐवजी धातूचे अंग, आणि आत अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तीन शंकू, जे घोडीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिची, कंपने घेऊन स्वर मोठा करतात. हीच १९२७च्या सुमाराची नॅशनल कंपनीची तीन शंकूंची गिटार. या कारखान्याला भांडवल कसे मिळाले, याची कथा मला फार आवडते. बोशां तो नमुना आणि सोलच्या संचाला घेऊन आपल्या एका श्रीमंत नातेवाइकाच्या मेजवानीला गेला. सोलने वाजवले, आणि त्या नातेवाइकाने त्याच रात्री साडेबारा हजार डॉलरचा धनादेश लिहून दिला. पुढे याच बोशांने विजेवर चालणारी गिटार घडवली. अखंड ओतीव अॅल्युमिनियमची, गोल अंगाची आणि लांब दांड्याची ती गिटार लोकांनी ‘फ्राइंग पॅन’ या नावाने ओळखली आणि १९३२पासून ती बाजारात आली. १९३०च्या दशकाच्या मध्यावर सोलने विजेची गिटार हाती घेतली. त्याच्या ज्या ध्वनिमुद्रणांनी माझी झोप उडवली ती या काळातली आहेत, कारण त्यांत ती जुळणी आहे.

तिला सी-शार्प मायनर जुळणी म्हणतात आणि ती सोल होओपिईच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. जाड तारेकडून बारीक तारेकडे: बी, डी, ई, जी-शार्प, सी-शार्प, ई. पेटीच्या भाषेत पांढरी सात, पांढरी दोन, पांढरी तीन, काळी चार, काळी एक, पांढरी तीन. सोलच्या तरुणपणी हवाईयन वादकांत रूढ असलेल्या जुळण्या ए-मेजरच्या होत्या; आमच्या सरांची ‘प सा प सा ग प’ ही त्यांपैकीच एक, आणि ‘सा ग प सा ग प’ ही तिची सख्खी बहीण. त्या घरातून निघून सोल जिथे पोहोचला तिथे मोकळ्या तारांत दोन स्वरमेळ एकमेकांत गुंतलेले आहेत. वरच्या तीन तारा छेडल्या की सी-शार्प मायनर. खालच्या चार छेडल्या की ई-सेव्हन्थ, म्हणजे कोमल निषाद जोडलेला ई-मेजर. तारा बारीक बाजूने मोजतात: सर्वांत बारीक ती पहिली, सर्वांत जाड ती सहावी. सहावी, पाचवी आणि तिसरी एवढ्याच घेतल्या तर डिमिनिश्ड. आणि पाचवी वगळून सहावी, चौथी, तिसरी घेतल्या तर साधा ई-मेजर. कांडी जागची हललेली नाही, तिरकी झालेली नाही, आणि चार रंग हाताशी आले आहेत.

हे कागदावर समजणे वेगळे आणि तारांवर आणणे वेगळे. माझ्या कोलकात्याच्या गिटारीवर ही जुळणी करायची तर पहिली, दुसरी आणि चौथी तार आहे तशीच राहते. तिसरी अर्धा स्वर खाली उतरते. अडचण दोन जाड तारांची आहे. सहावीला पांढरी तीनवरून पांढरी सातवर, म्हणजे सात अर्धस्वर वर चढायचे, आणि पाचवीला पांढरी सहावरून पांढरी दोनवर, म्हणजे पाच. वाद्ये विकणाऱ्या एका दुकानदाराला विचारले, तर त्याने “ओढा हो, काही होत नाही” असे सांगितले. मी त्याचे ऐकले. सहावी तार निम्म्या वाटेवर असताना खुंटीपाशी तुटली आणि मनगटावर असा फटका बसला की आठवडाभर वळ राहिला. त्यापेक्षा मोठे दुःख गिटारीच्या घोडीला गेलेल्या बारीक चिरेचे झाले. योग्य मार्ग सोपा होता आणि तो मला स्वतःच शोधावा लागला: सहाव्या जागी बाजारातल्या संचातली पाचवी तार घालावी आणि ती एक स्वर वर चढवावी, आणि पाचव्या जागी त्याच संचातली चौथी, जी मुळातच डीची असते. कोणाला हा प्रयोग करायचा असेल तर कृपा करून जाड तारा ओढू नका.

तारा लागल्या. कांडी हातात घेतली. आणि मला काहीही वाजवता येईना.

सदतीस वर्षांचा हात होता. डोळे मिटून षड्ज सापडत असे. पाचवी आणि तिसरी या माझ्या षड्जाच्या तारा होत्या. आता पांढरी तीनचा षड्ज धरला तर तो चौथीवर आणि पहिलीवर गेलेला होता, आणि पाचवीवर येऊन बसला होता कोमल निषाद. जुन्या सवयीने अंगठा पाचवीवर पडे आणि प्रत्येक ठिकाणी तो निषाद बोलून उठे. साधा मेजर, जो सरांच्या जुळणीत न मागता मिळत असे, त्याच्यासाठी आता अंगठ्याने सहावी छेडून पाचवी ओलांडून चौथीवर उतरायचे होते, तेही पाचवीला तळहाताच्या कडेने गप्प ठेवून. पूर्वी मायनरसाठी कष्ट होते आणि मेजर मुक्त होता. आता उलट झाले. तेव्हा मला सोलच्या उजव्या हाताचे कोडे उलगडले. तो जो सुटा, छाटलेला स्वर मी त्याची हौस किंवा जॅझचा प्रभाव समजत होतो, त्यामागे ही गरजही असली पाहिजे. या जुळणीत ज्याला मिटवता येत नाही त्याला वाजवता येत नाही. सहा तारा मुक्तपणे बोलू दिल्या तर सेव्हन्थ आणि मायनर एकत्र घोंगावत राहतात. तारांची मांडणीच वादकाला स्वच्छतेची शिस्त लावते, आणि त्या शिस्तीतून शैली तयार होते. सोलचा वेगही त्यातूनच आला असावा असे माझे मत आहे. लांब अंतरावर कांडी पळवण्याऐवजी त्याला हवे ते स्वर शेजारच्या तारांवर, एक-दोन पडद्यांच्या आत मिळत होते, त्यामुळे डावा हात जवळपास स्थिर राहून उजवा धावू शकत होता.

दोन-तीन महिने असेच गेले. रोज पहाटे अर्धा तास नुसता षड्ज शोधायचा. मग एके दिवशी मोकळ्या तारा जाडीकडून बारीककडे एकेक करून सावकाश छेडत होतो आणि सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “कलावती लावलात का?”

मी थांबलो. पुन्हा छेडल्या. मंद्र पंचम, मंद्र कोमल निषाद, षड्ज, गंधार, धैवत, तार षड्ज. ऋषभ नाही, मध्यम नाही. सा, ग, प, ध आणि कोमल नी या पाच स्वरांपलीकडे त्या सहा तारांत काही नव्हते, आणि कलावती रागाचे स्वर नेमके हेच. प्रभाताई अत्रे यांची कलावती ज्या महाराष्ट्रात घराघरांत ऐकली गेली, तिथल्या गृहिणीच्या कानाने तो ओळखावा यात नवल नाही. नवल हे की मी महिनोन्‌महिने पेटीच्या पट्ट्या आणि इंग्रजी अक्षरे मोजत बसलो आणि सरगम म्हणून तो क्रम एकदाही मोठ्याने म्हटला नाही.

इथे मला काळजीपूर्वक लिहिले पाहिजे. लॉस एंजेलिसमध्ये बसून तारा लावणाऱ्या सोलच्या मनात कलावती असण्याचा काही संबंध नाही. तो स्वरमेळांचा विचार करत होता. राग म्हणजे पाच स्वरांची यादी नव्हे, त्याला चलन असते, विश्रांतीच्या जागा असतात, आणि मोकळ्या तारांना चलन नसते. तरीही हाताच्या दृष्टीने या योगायोगाचे मोल मोठे आहे. तिसऱ्या मोकळ्या तारेवर गंधार आहे. त्याच तारेवर कांडी तिसऱ्या पडद्यापर्यंत नेली की पंचम, आणि मधली सगळी वाट मींडेची. दुसरी मोकळी छेडली की धैवत, तिच्यावर केवळ एका पडद्याचे अंतर आणि कोमल निषाद. पहिली मोकळी, षड्ज. धैवतावरून निषादाला स्पर्श करून पुन्हा धैवतावर यायचे आणि मग पंचमाला उतरायचे, ही कलावतीतली जीव ओतून गायची जागा या गिटारीवर दोन तारांच्या आणि तीन पडद्यांच्या आत मावते. ‘प सा प सा ग प’वर हेच करायला माझा हात मुख्य तारेवर वर-खाली बराच हिंडत असे.

आपल्याकडच्या थोर वादकांनी तो हिंडण्याचा मार्ग जाणीवपूर्वक निवडला, हे विसरून चालणार नाही. ब्रिजभूषण काबरा यांनी अली अकबर खाँसाहेबांकडे तालीम घेतली आणि गिटारीवर आलापी आणली, तेव्हा त्यांना एका तारेवरचा अखंड स्वर हवा होता, गळ्यासारखा. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीला त्यांची गिटार आहे, ती ऐकताना तारा बदलल्याचे जाणवतच नाही. त्यांना स्वरमेळाची गरज नव्हती. त्यांना तंबोऱ्यासारखा आधार आणि एक लांब वाट पुरेशी होती. सोलची वाट आडवी आहे, एका तारेवरून दुसरीवर जाणारी. काबरांची उभी, एकाच तारेवरून जाणारी. ताणा आणि बाणा जसे एकाच मागावर असतात तशा या दोन दिशा एकाच वाद्यावर आहेत, आणि सोलापूरच्या माणसाला हे अधिक समजावून सांगावे लागू नये.

सोलनंतरच्या पिढीत जेरी बर्ड हा अमेरिकन वादक झाला. तो ओहायो राज्यातला, जन्म १९२०चा, १९७२ साली होनोलुलूला जाऊन स्थायिक झाला आणि तिथल्या तरुणांना हे वाद्य शिकवत २००५ साली तिथेच वारला. त्याची सी-सिक्स्थ जुळणी सरगमात ‘सा ग प ध सा ग’ अशी होते. तिच्यात निषाद नाही, म्हणून ती शांत आहे आणि हाताला लवकर बसते. पायाने दाबायच्या पट्ट्या असलेल्या आजच्या पेडल स्टील गिटारीवरही तिचा वंश चालू आहे. मी ती सहा महिने लावून पाहिली. बर्डचा कंप आणि त्याचा गोल, भरलेला स्वर यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण मला ती जुळणी फार समंजस वाटली. सोलच्या पाचव्या तारेवरचा तो कोमल निषाद, जो सतत मध्ये बोलू पाहतो, तो नसला की मला चुकल्यासारखे होते.

आणखी एका नावाची नोंद केल्याशिवाय राहवत नाही, कारण आमच्यासारख्यांच्या मांडीवर हे वाद्य आले त्या वाटेवर तो माणूस उभा आहे. ताउ मो हा सामोआत जन्मलेला आणि हवाईत ओआहू बेटावरच्या लाइए या गावी वाढलेला वादक. १९२०च्या दशकाच्या अखेरीस तो एका हवाईयन संचाबरोबर आशियाच्या दौऱ्यावर निघाला, आणि पुढे आपल्या कुटुंबासह जगभर वाजवत फिरताना १९४०च्या दशकात काही वर्षे कोलकात्यात राहिला. तिथल्या मोठ्या हॉटेलात त्याचे कार्यक्रम होत. पोलादी कांडीने गिटार वाजवण्याचे श्रेय ज्या जोसेफ केकुकूला दिले जाते, तोही लाइएचाच. म्हणजे एका लहानशा गावातून कोलकाता, कोलकात्यातून रेडिओ आणि तबकड्या, आणि तिथून साखर पेठेतली माडी. आमच्या सरांना गिटार शिकवणारे गृहस्थ कोलकात्यालाच नोकरीला होते. ‘प सा प सा ग प’ कुठून आले, याचे उत्तर बहुधा या ओळीत आहे.

२०१३च्या दिवाळीत मी ती गिटार घेऊन सरांकडे गेलो. त्यांचे वय तेव्हा ८३ होते, ऐकू कमी येत होते, आणि काकू गेल्यापासून ते फारसे बोलतही नसत. मी मोकळ्या तारा छेडून दाखवल्या, मग वरच्या तीन, मग खालच्या चार. सरांनी कान गिटारीच्या अंगाला टेकवला आणि पुन्हा छेडायला सांगितले.

“सा कुठे ठेवलास?” त्यांनी विचारले.

“चौथीवर, सर. आणि पहिलीवर.”

“आणि पाचवीवर काय, कोमल नी? मोकळ्या तारेवर कोमल नी ठेवतो का रे कोणी?”

मी त्यांना सोलचे एक ध्वनिमुद्रण कानाशी यंत्र धरून ऐकवले. ते पुरते संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग हात पुढे करून त्यांनी कांडी मागितली. बोटे थोडी थरथरत होती, पण कांडी तारेवर टेकली तशी ती स्थिर झाली. त्यांनी दुसऱ्या तारेवर धैवत घेतला, निषादाला नेला, परत आणला, आणि बराच वेळ तेवढेच करत राहिले. निघताना मी तारा पूर्ववत लावून देऊ का असे विचारले, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि गिटार आठ दिवस इथेच राहू दे म्हणाले. जाण्याआधी त्यांनी मला पेटीवर सहा पट्ट्या क्रमाने दाबायला लावल्या आणि वहीत एकेक करून लिहून घेतल्या.

आठ दिवसांनी गिटार आणायला गेलो. सर झोपले होते, म्हणून मी त्यांना उठवले नाही. पेटीवर तुटलेली एक तार वेटोळे करून ठेवली होती. गिटारीवर पाचव्या जागी नवी तार होती, आणि ती छेडून पाहिली तर पांढरी दोनमध्ये अचूक लागलेली होती.